फिनिक्स डायरी: पाट, पाटकरी आणि महापौर

दिवस पहिला (प्रवासासकट मोजला तर अडीच)

जळगावच्या माणसाला कुणी उन्हाची भीती घालू नये. भाचा फोनवर महिनाभर सांगत होता, मावशी ऑक्टोबरमध्ये ये, त्याआधी नको, इथे भाजून निघशील, आणि मी मनात म्हणत होते की अरे बाबा मी मे महिन्यात एमआयडीसीत दुपारी दोन वाजता पाण्याचे मीटर मोजायला फिरलेली बाई आहे, मला काय सांगतोस. विमानतळाच्या बाहेर पाय ठेवला आणि गप्प बसले. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले आणि गाडीत आकडा १०५, म्हणजे आपले ४० च्या वर, आणि तेही ऑक्टोबरात. घाम येत नाही हे खरंय, येतो पण लागायच्या आतच उडून जातो.

सगळ्यात आधी एक गोष्ट आवडली ती म्हणजे या राज्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही. बाकी अमेरिका वर्षातून दोनदा काटे फिरवते, ॲरिझोना म्हणतं आम्हाला संध्याकाळी अजून एक तास ऊन कशाला हवंय. (नावाहो लोकांचा प्रदेश सोडून, ते फिरवतात.)

दुसरं म्हणजे रस्ते. मधोमध सेंट्रल अव्हेन्यू, तिच्या पूर्वेला आकड्यांचे स्ट्रीट आणि पश्चिमेला आकड्यांचे अव्हेन्यू. म्हणजे सातवा स्ट्रीट आणि सातवा अव्हेन्यू एकमेकांपासून चांगले मैलभर लांब, चुकलात की गेलात. आडव्या रस्त्यांना राष्ट्राध्यक्षांची नावं, वॉशिंग्टन, जेफरसन, ॲडम्स वगैरे. उभ्या रस्त्यांना सुरुवातीला इथल्या आदिवासी जमातींची नावं होती म्हणे, ती काढून आकडे घातले. नामांतर फक्त आपल्याकडेच होतं असं नाही तर.

फिनिक्सला लागूनच असलेल्या चँडलरला भाच्याच्या घरी पोचेपर्यंत तीन ठिकाणी पाट दिसले. कॅनॉल. काठोकाठ भरलेले, गुळगुळीत, वाळवंटाच्या मधून. तिथेच मला वाटलं की हे गाव आपल्या ओळखीचं निघणार. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कारकुनीत घालवली, मला पुतळे दाखवू नका, पाणी कुठून येतं ते दाखवा.

दिवस दुसरा

जेटलॅगमुळे पहाटे तीनला जाग, हे तर दोन वाजताच चहा टाकून बसलेले. नऊ वाजता म्युझियमला. नाव सेडाव वाआकी. २०२३ पर्यंत याचं नाव स्पॅनिश होतं, प्वेब्लो ग्रांदे, मग इथल्या ओऽऽधाम लोकांच्या भाषेतलं ठेवलं.

जागा बघाल तर चकित व्हाल, विमानतळाला अगदी खेटून. डोक्यावरून दर दोन मिनिटाला विमान जातंय आणि खाली एक मोठा मातीचा-दगडांचा ओटा, शेकडो वर्षांपूर्वीचा. आत्ताच्या ओऽऽधाम लोकांचे हे पूर्वज, पुस्तकात त्यांना होहोकम म्हणतात. साधारण इसवी सन ४५० पासून १४५० पर्यंत, हजारेक वर्षं, या माणसांनी सॉल्ट नदीचं पाणी पाटाने शेतात नेलं. शेकडो मैल पाट. बैल नाही, घोडा नाही, लोखंड नाही, लाकडी काठ्या आणि दगडी कुदळी. आणि उतार बघा ना, मैलाला काही फुटांचा फक्त, जास्त दिला तर पाणी काठ खरवडत जातं, कमी दिला तर गाळ साठतो. आमच्याकडे लेव्हल मशीन असून नालीचं पाणी उलटं आलेलं मी बघितलंय, जाऊ दे.

मग १४५० च्या सुमारास वस्त्या ओस पडल्या. दुष्काळ, पूर, जमीन खारावणं, भांडणं, अशी सगळी कारणं सांगतात. पाट मात्र राहिले.

आणि इथूनच शहराची गोष्ट सुरू होते. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाचा माणूस इथे आला, आधी अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात होता, मॉर्फिनचं व्यसन, सोन्याच्या मागे फिरलेला. त्याच्या लक्षात आलं की हे वाळलेले खड्डे म्हणजे तयार पाट आहेत, साफ केले की झालं. त्याने कंपनी काढली, पाट उकरले, गहू-बार्ली पेरली आणि जवळच्या मॅकडॉवेल लष्करी छावणीला विकली. वस्तीला सुरुवातीला जी नावं चालायची त्यातलं एक पंपकिनव्हिल. भाचा म्हणाला मावशी म्हणजे भोपळवाडी. आम्ही दोघं तिथे खिदळत बसलो, गार्डने बघितलं आमच्याकडे. विचार करा, अमेरिकेतलं पाचव्या नंबरचं शहर, भोपळवाडी महानगरपालिका.

वाचवलं ते डॅरेल डुप्पा नावाच्या एका इंग्रज माणसाने. तो म्हणाला जुन्या संस्कृतीच्या राखेतून नवं गाव उठतंय तर फिनिक्स म्हणा. शिकलेला माणूस, आणि पिणाराही तितकाच. स्विलिंगचं पुढे वाईट झालं, डाक घेऊन जाणारी घोडागाडी लुटल्याचा आळ आला आणि १८७८ ला युमाच्या तुरुंगात मेला. दरोडा त्याने घातलाच नव्हता हे नंतर कळलं. गावाला पाणी देणारा माणूस तुरुंगात मेला आणि नाव देणारा दारूत बुडालेला. पहिल्या महापौराचा नंबर यायला अजून तीन वर्षं होती.

दिवस तिसरा

आज डाउनटाउन, म्हणजे माझा खरा दिवस. हे म्हणाले तू सुट्टीवर आलीयस की ऑडिटला.

फिनिक्सला नगरपालिका मिळाली २५ फेब्रुवारी १८८१ ला, वस्ती अडीच हजाराच्या आतबाहेर. पहिले महापौर जॉन अल्सॅप, डॉक्टर आणि वकील दोन्ही, त्याआधी ॲरिझोना प्रदेशाचे (तेव्हा राज्य झालं नव्हतं) खजिनदारही होते. मला वाटतं अशा नव्या गावात जो लिहू-वाचू शकतो त्यालाच सगळी कामं करावी लागतात, आमच्या गावात मास्तरांचं होतं तसं. पुढे एमिल गँझ, जर्मनीत जन्मलेले ज्यू, हॉटेलवाले आणि नंतर बँकेत, हे १८८५ मध्ये एकदा आणि १८९९ मध्ये परत एकदा महापौर झाले.

हेरिटेज स्क्वेअरमध्ये रॉसन हाउस बघितलं. हे बघण्यासारखं आहे, नक्की जा. १८९५ मध्ये बांधलेला व्हिक्टोरियन वाडा, कोपऱ्यात घुमटीसारखा मनोरा, दहा खोल्या, आणि खर्च साडेसात हजार डॉलर. घर डॉक्टर रॉलंड रॉसन यांचं आणि त्याच वर्षी ते महापौर झाले. आता मजा ऐका, कौन्सिलशी पटलं नाही म्हणून टर्म पूर्ण न करताच राजीनामा. घरही दोन वर्षांत विकलं, कॅलिफोर्नियाला गेले आणि १८९८ मध्ये वारलेसुद्धा. मी गाईडला म्हटलं (भाच्याने भाषांतर केलं) की आमच्याकडेही महापौरांचं आणि सभागृहाचं पटत नाही पण राजीनामा कुणी देत नाही, तो घ्यावा लागतो. ती बाई मनापासून हसली.

नंतर त्या वाड्याची दशा झाली, खोल्या भाड्याने देत गेले, भाडेकरूंवर भाडेकरू. १९७४ मध्ये शहराने विकत घेऊन दुरुस्त केला, त्याच्या मागे तेव्हाचे महापौर जॉन ड्रिग्ज होते. एका महापौराचं घर दुसऱ्या महापौराने वाचवलं.

व्हरांडे मोठे आहेत सगळीकडे, कारण उन्हाळ्यात लोक बाहेर झोपायचे, चादरी ओल्या करून. आम्ही गच्चीवर पाणी मारून झोपायचो तेच. आणि एसी यायच्या आधी इथे काय होतं माहितीये? कूलर! आपला वाळ्याचा कूलर! जाळी, ओलं गवत आणि पंखा. १९३० च्या दशकात घरोघरी. मी तर एकदम माहेरी आल्यासारखी झाले.

आता मुद्द्याचं. सिटी हॉलची नवी बिल्डिंग वीस मजली, तिच्यासमोर कट्ट्यावर बसून भाच्याने मला सांगितलं की मावशी इथे महापौर शहर चालवत नाही. म्हटलं मग कोण? तर सिटी मॅनेजर. १९१३ च्या चार्टरपासून, म्हणजे शहराच्या सनदेपासून, ही पद्धत. म्हणजे आयुक्त! महापौर आणि आठ कौन्सिलर मिळून नऊ मतं, महापौराचं त्यातलं एक. मी म्हटलं हे तर सेम आपल्यासारखं, फीत कापायला महापौर आणि सहीला आयुक्त. पण मग तो म्हणाला मॅनेजरला नेमतं कोण तर हेच कौन्सिल, आणि काढतंही तेच. तिथे माझी चहाची (म्हणजे त्या कागदी ग्लासातल्या कोमट पाण्याची) चव गेली. आपल्याकडे आयुक्त मुंबईहून येतो आणि मुंबईच्या फोनवर जातो, नगरसेवकांनी काय ते सभागृहात ओरडायचं. आणि महापौर ठरतो तो आधी आरक्षणाच्या सोडतीने आणि मग नगरसेवकांच्या मतांनी, अडीच वर्षांसाठी. इथे महापौराला थेट लोक निवडतात आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. सांगाडा तोच पण दोरी कुणाच्या हातात हे उलटं. मधे तर आपल्याकडे कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षं निवडणूकच नव्हती, नुसते प्रशासक, तेव्हा मी रिटायर झाले होते म्हणून सुटले.

पण इथेही सुरुवातीपासून सगळं गोड होतं असं समजू नका. १९१३ नंतरही कितीतरी वर्षं कमिशनर लोक (म्हणजे आयुक्त नव्हे, निवडून आलेल्यांना तेव्हा तसं म्हणायचे) मॅनेजरला नाचवायचे, आपली माणसं चिकटवायची, जुगार-वेश्यावस्तीकडे काणाडोळा करायचा, सगळं यथासांग. दुसऱ्या महायुद्धात तर आसपास तळ असलेल्या लष्कराने आपल्या सैनिकांना शहरात यायला बंदी घातली होती, तेव्हा व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला आणि सुधारणेची भाषा सुरू झाली. १९४८ मध्ये चार्टर बदलून मॅनेजरला बळ दिलं, १९४९ ला व्यापारी-वकील मंडळींनी स्वतःचं पॅनेल उभं केलं आणि सगळं निवडून आणलं. त्यात एक दुकानदार होता, बॅरी गोल्डवॉटर, पुढे १९६४ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तोच. महापौर निकोलस युडॉल.

मग या पॅनेलने जवळपास पंचवीस वर्षं एक काम झपाट्याने केलं, हद्दवाढ. १९५० मध्ये शहर १७ चौरस मैल आणि १,०६,८१८ माणसं, १९६० मध्ये १८७ चौरस मैल आणि ४,३९,१७०. दहा वर्षांत! हद्दवाढीच्या फायली मी हाताळल्यात, एक गाव घ्यायचं तर दहा वर्षं हरकती चालतात. आज लोकसंख्या १६ लाखांच्या वर.

पण या पॅनेलची मेख अशी की कौन्सिलर पूर्ण शहरातून निवडायचे, वॉर्ड नाही. त्यामुळे बहुतेक सगळे उत्तरेकडच्या सुखवस्तू वस्त्यांतले. नदीच्या दक्षिणेला मेक्सिकन आणि काळ्या लोकांच्या वस्त्या, तिकडे रस्ता नाही, ड्रेनेज नाही, आणि त्यांचं ऐकायला हक्काचा माणूसही नाही. १९८२ मध्ये टेरी गोडार्ड नावाच्या तरुण वकिलाने मोहीम काढून मतदान घ्यायला लावलं आणि आठ वॉर्ड झाले, नंतर तोच महापौर झाला. आपल्याकडे एका प्रभागात चार नगरसेवक देऊन कुणाकडे जायचं हेच कळू देत नाहीत, त्यावर मी काही बोलत नाही.

संध्याकाळी पाय सुजले. भाचेसुनेने गरम पाण्यात मीठ घालून दिलं आणि वरणभात. देव तिचं भलं करो.

दिवस चौथा

रूझवेल्ट धरण. हायवे ८७ ने वर आणि मग १८८. दोन्हीकडे सग्वारो निवडुंग, हात वर केलेल्या माणसासारखे, त्यांना पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात म्हणे, आमच्या ह्यांनी प्रत्येक झाडाचा फोटो काढला.

धरणाची गोष्ट मला शहरापेक्षा जास्त आवडली. १८९१ ला मोठा पूर आला, मग काही वर्षांनी दुष्काळ. सॉल्ट नदीचा भरवसा नाही. शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये पाणी वापरकर्त्यांचा संघ काढला आणि आपापल्या जमिनी तारण ठेवून केंद्र सरकारकडून कर्ज घेतलं. त्यातून हे धरण, १९११ मध्ये पूर्ण, १८ मार्चला उद्घाटनाला माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः. तेव्हा २८० फूट उंच, पूर्ण दगडी चिरेबंदी, इटालियन गवंडी आणि रस्ता करायला अपाची मजूर. आता दगड दिसत नाही, १९९६ मध्ये ७७ फूट उंची वाढवताना सगळा काँक्रीटने झाकला. मला जरा वाईट वाटलं, भंडारदऱ्याचं दगडी काम कुणी असं लिंपून टाकलं तर कसं वाटेल.

पाणी पुढे ग्रॅनाइट रीफच्या बंधाऱ्याशी अडवून दोन्ही काठांच्या पाटांत सोडतात आणि त्यापुढे नदी कोरडी. अक्षरशः कोरडी, फिनिक्समधून नदी जाते ती वाळूची. आणि शहरातले काही पाट त्या होहोकम पाटांच्याच वाटेने गेलेत.

परतताना फिनिक्समध्ये भाच्याच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे जेवायला. जुनी वस्ती, मोठी झाडं, आणि अंगणाभोवती वीतभर मातीचा बांध. मी विचारलं बांध कशाला, तर म्हणे आज रात्री अकरा पन्नासला आमचं पाणी आहे. मला वाटलं टँकर. नाही हो! पाटाचं पाणी! घरमालक बाहेर जाऊन झडप उघडतो आणि पूर्ण अंगण घोटाभर पाण्याने भरून निघतं, ठरलेली मिनिटं झाली की बंद, पुढच्या घराची पाळी. उन्हाळ्यात साधारण दर पंधरवड्याला. त्या १९०३ च्या तारण जमिनींचा पाण्याचा हक्क जमिनीबरोबर आजही चालतो, शेत जाऊन तिथे बंगला झाला तरी. आणि पाटाच्या झडपा फिरवणाऱ्या माणसाला इथे सान्हेरो म्हणतात, स्पॅनिश शब्द आहे.

अहो, हा तर पाटकरी! माझं माहेर साक्रीकडचं, पांझरेच्या फडाचं पाणी बघत मोठी झालेली मी. फड पद्धतीत पण हेच, बंधारा, पाट, ठरलेली पाळी, आणि पाटकऱ्याचा शब्द शेवटचा. आजोबा रात्री कंदील घेऊन पाणी धरायला जायचे, मी इथे रात्री बारा वाजता मोबाइलचा टॉर्च लावून अमेरिकेत पाणी बघत उभी. हे झोपले होते सोफ्यावर. मी चपला काढून पाण्यात पाय घातले, कुणी बघत नव्हतं.

दिवस पाचवा

उशिरा उठलो. आज लाइट रेल्वेने नुसतं भटकायचं ठरवलं. २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली, फिल गॉर्डन महापौर असताना. डबा थंडगार. बरीच माणसं नुसती गारव्यासाठी बसलेली वाटली, सामान पायाशी, कुठे उतरत नव्हती.

हान्स पार्कला उतरलो. वर हिरवळ, आणि पायाखालून आय-टेन हायवे बोगद्यातून जातोय, कळतसुद्धा नाही. मार्गारेट हान्स या फिनिक्सने निवडून दिलेल्या पहिल्या महिला महापौर, १९७६ पासून दोन-दोन वर्षांच्या चार टर्म. हायवेची गंमत अशी की आधी तो शंभर फूट उंच खांबांवरून न्यायचा प्लॅन होता, १९७३ मध्ये लोकांनी मतदानात पाडला, नंतर बराच घोळ होऊन अखेर जमिनीखालून. १९९० मध्ये बोगदा उघडला. उड्डाणपुलाला लोकांनी मतदान करून नाही म्हणायचं, ही कल्पनाच मला दिवसभर पुरली.

त्याच १९९० च्या जूनमध्ये, २६ तारखेला, इथे १२२ अंश झालं, म्हणजे ५०. तो रेकॉर्ड अजून आहे. पण आता प्रश्न एका दिवसाचा राहिला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस ११० किंवा त्याच्या वर, आधीचा रेकॉर्ड १८ दिवसांचा होता. आणि रात्री! १९ जुलैला पहाटेचं किमान तापमान ९७, म्हणजे ३६. काँक्रीट आणि डांबर रात्रभर दिवसाचं ऊन ओकत राहतं. त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीत (म्हणजे फिनिक्सचा जिल्हाच म्हणा) उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले, त्यात बेघर खूप. आत्ताच्या महापौर केट गायेगो, २०१९ पासून, पर्यावरण शिकलेल्या बाई. त्यांच्या काळात २०२१ मध्ये महापालिकेत उष्णतेसाठी वेगळं खातंच काढलं, सावलीसाठी झाडं, रात्रभर उघडी थंडाव्याची ठिकाणं, रस्त्यांना फिकट रंग. आमच्याकडे मे महिन्यात चौकात हिरवी नेट बांधतात, तीही चांगलीच गोष्ट आहे, पण खातं म्हणजे बजेटला हेड असतो. कारकुनाला विचारा बजेट हेडचं महत्त्व.

आणि एक सांगायचं राहिलं. फ्रँक फेअरबँक्स नावाचे मॅनेजर १९९० ते २००९, एकोणीस वर्षं. त्या काळात महापौर झाले पॉल जॉन्सन, मधे हंगामी थेल्डा विल्यम्स, स्किप रिमझा, मग गॉर्डन. महापौर बदलले, मॅनेजर तोच. १९९३ मध्ये जगातल्या उत्तम चालवलेल्या शहरांसाठीचं बर्टल्समान पारितोषिक न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चबरोबर फिनिक्सला मिळालं ते याच काळात. आमच्या नोकरीत मी किती आयुक्तांच्या निरोप समारंभाला वर्गणी दिली ते मोजायचं सोडून दिलं होतं.

संध्याकाळी साउथ माउंटन, डॉबिन्स पॉइंट. १९२४ मध्ये शहराने तेरा हजार एकर डोंगर सतरा हजार डॉलरला घेऊन ठेवला, तेव्हा लोक हसले असतील. वरून दिवे लागताना बघितले, संपतच नाहीत. भाचा सांगत होता की आता कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैल कॅनॉलने इकडे येतं आणि ती नदी आटत चाललीय. मी विचारलं मग? तो म्हणाला मग काय, मीटिंगा चालू आहेत.

दिवस सहावा

निघायचं. बॅगा २३ किलोच्या आत बसेनात, भाचेसुनेने दिलेली पेकान नट्सची पाकिटं ह्यांच्या जॅकेटच्या खिशात.

विमानतळ शहराने १९३५ मध्ये एक लाख डॉलरला घेतला, तेव्हा आजूबाजूला शेतं म्हणून लोक त्याला शेतच म्हणायचे. नंतर तो वाढत गेला आणि पश्चिमेची गोल्डन गेट नावाची मेक्सिकन वस्ती हळूहळू उठवली, १९७० आणि ८० च्या दशकात, हजारो माणसं. राहिलं फक्त चर्च, सेक्रेड हार्ट. भाच्याने मुद्दाम सोळाव्या स्ट्रीटवरून गाडी नेली. विटांचं चर्च, आजूबाजूला मोकळी जमीन आणि जाळीचं कुंपण, खिडक्या बंद. वर्षातून एकदा, ख्रिसमसच्या दिवशी उघडतात आणि त्या वस्तीतली म्हातारी माणसं, त्यांची नातवंडं प्रार्थनेला येतात, बाकीचे ३६४ दिवस कुलूप.

हे फोटो काढायला काच खाली करेपर्यंत सिग्नल सुटला. फोटोत आलंय ते कुंपण आणि मागे उडणाऱ्या विमानाचं शेपूट.